हॅमिल्टन म्हणजे टोरंटो का? आणि तुमची बाकीची पत्रं

या महिन्यात कॅनडातल्या हॅमिल्टन या एकाच शहरावर चार पत्रं आलीत, आणि चारही घरांत वाद एकाच गोष्टीवरून, की हे शहर दुसऱ्याला सांगायचं कसं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊया, आज हेच.

प्रश्न (एक मावशी, घाटकोपर): माझ्या भाचीला एक स्थळ सांगून आलंय. बायोडेटात मुलगा 'टोरंटो, कॅनडा' असं लिहिलेलं. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तोच म्हणाला की मी हॅमिल्टनला राहतो. झालं, भावोजी भडकले, म्हणे ही सरळ फसवणूक आहे, गावाचं नावच खोटं तर पगाराचं काय. मुलाची आई म्हणते, अहो बदलापूरची माणसं पण बाहेर गेली की मुंबईच सांगतात ना. मुलगा आम्हाला आवडलाय. कोणाचं खरं धरायचं?

उत्तर: ताई, भावोजींना सांगा फसवणूक म्हणायची घाई नको. पण मुलाच्या आईचं उदाहरणही इथे लागू पडत नाही. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, हॅमिल्टन टोरंटोपासून साधारण ७०, त्यामुळे ऐकायला अगदी सारखं वाटतं. फरक असा की बदलापूर मुंबई महानगर प्रदेशात येतं, सरकारी कागदावर येतं. हॅमिल्टन तसं टोरंटोत येत नाही. कॅनडाचं जनगणना खातं म्हणजे स्टॅटिस्टिक्स कॅनडा, ते मोठ्या शहराभोवती एक महानगर क्षेत्र आखतं, कुठून किती लोक रोज त्या शहरात कामाला जातात हे बघून, आणि टोरंटोच्या क्षेत्रात मिसिसागा आहे, ब्रॅम्प्टन आहे, ओकव्हिल आहे, पण ओकव्हिल संपून बर्लिंग्टन लागलं की तिथून हॅमिल्टनचं स्वतःचं वेगळं क्षेत्र सुरू होतं. मुलगा ब्रॅम्प्टनला राहत असता आणि टोरंटो लिहिलं असतं तर मी त्याच्या आईच्या बाजूने बोलले असते. तिथे सगळ्या पट्ट्याला मिळून 'ग्रेटर टोरंटो अँड हॅमिल्टन एरिया' म्हणतात ते तुम्हाला नेटवर दिसेल, पण त्यातसुद्धा हॅमिल्टनचं नाव वेगळं घ्यावं लागलंय, टोरंटोत धरलं असतं तर ते लिहायची गरजच नव्हती.

आणि हा नुसता कागदाचा प्रश्न नाहीये. हॅमिल्टन १८४६ पासून स्वतःच्या पायावर उभं असलेलं शहर आहे, त्याच वर्षी सुरू झालेलं त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र आजही निघतं, स्वतःचं बंदर आहे, स्वतःची युनिव्हर्सिटी आहे, आज आपण ज्यांना कॉमनवेल्थ गेम्स म्हणतो त्या स्पर्धा पहिल्यांदा झाल्या त्या १९३० साली याच गावात, तेव्हा त्यांना ब्रिटिश एम्पायर गेम्स म्हणायचे. दर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेला त्यांच्या कॅनेडियन फुटबॉलच्या टीमची, टायगर-कॅट्सची, टोरंटोच्या आर्गोनॉट्सशी मॅच असते आणि अख्खं गाव त्यासाठी पेटलेलं असतं. अशा गावातल्या माणसाला 'तुम्ही टोरंटोचेच ना' म्हटलं तर त्याला लागतं, आणि का लागू नये?

आता तुमच्या कामाचं. मुलाची नोकरी कुठे आहे ते विचारा, राहतो कुठे हे त्याच्यानंतर. ऑफिस टोरंटोच्या डाउनटाउनला असेल तर गो ट्रेनने, म्हणजे तिथल्या लोकलने, एका बाजूला तासाच्या वर जातो, शिवाय घर ते स्टेशन वेगळं, म्हणजे रोज जायचं असेल तर दिवस कसा जातो हे मुंबईच्या माणसाला वेगळं सांगायला नको. हॅमिल्टनमध्येच हॉस्पिटलात किंवा युनिव्हर्सिटीत नोकरी असेल तर चित्रच वेगळं, टोरंटोपेक्षा घरं स्वस्त म्हणून कितीतरी तरुण कुटुंबं मुद्दाम तिथे जाऊन राहिलीयेत. भाचीला तिथे जाऊन काम करायचं असेल तर तिच्या क्षेत्रातल्या नोकऱ्या नक्की कुठे आहेत तेही आत्ताच बघा. मुलाकडच्यांना शांतपणे सांगा की बायोडेटात 'हॅमिल्टन, ऑन्टारिओ, टोरंटोपासून ७० किलोमीटर' असं लिहा. खळखळ न करता बदललं तर भावोजींचा राग तिथेच संपायला हवा. त्यांनी बहुतेक एवढाच विचार केला असेल की हॅमिल्टन इथे कोणाला माहीत असणार, त्यापेक्षा टोरंटो लिहू. हे चुकीचंच आहे, कारण पोरीला रोज सकाळी त्या गावात उठायचंय, तिला गावाचं खरं नाव पहिल्या कागदावर दिसलं पाहिजे. पण यात कपट दिसत नाही मला.

प्रश्न (दोघे भाऊ, दादर): सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी आम्ही दोघे मिळून हॅमिल्टनवर लेख लिहितोय, धाकट्याचा मुलगा तिथे असतो. लोकसंख्येवर अडलंय. घरातल्या जुन्या संदर्भग्रंथात सव्वातीन लाख, नेटवर एके ठिकाणी ५ लाख ६९ हजार, दुसरीकडे ७ लाख ८५ हजार. आणि ५ लाखांच्या गावाला शहर तरी म्हणायचं का, असा थोरल्याचा सवाल आहे.

उत्तर: तिन्ही आकडे बरोबर आहेत, तीन वेगवेगळ्या हद्दींचे आहेत एवढंच.

सव्वातीन लाख हा जुन्या हॅमिल्टनचा, १९९६ च्या जनगणनेचा. त्यानंतर १ जानेवारी २००१ ला ऑन्टारिओ या तिथल्या प्रांताच्या सरकारने जुनं हॅमिल्टन आणि शेजारची अँकास्टर, डंडास, फ्लॅम्बरो, ग्लॅनब्रुक आणि स्टोनी क्रीक अशी पाच गावं मिळून एकच महापालिका केली. या गावांतल्या बऱ्याच लोकांना ते अजिबात नको होतं, आणि अजूनही तुम्हाला तिथे 'मी डंडासचा' किंवा 'मी अँकास्टरची' असंच सांगणारी माणसं भेटतील. या एकत्र शहराची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ५,६९,३५३. आणि ७,८५,१८४ हा आकडा आहे मगाशी सांगितलं त्या महानगर क्षेत्राचा, त्यात हॅमिल्टनबरोबर बर्लिंग्टनचे १,८६,९४८ आणि ग्रिम्सबीचे २८,८८३ लोक धरलेत. बेरीज करून बघा, बरोबर जुळते. पण बर्लिंग्टन आणि ग्रिम्सबी हॅमिल्टन महापालिकेत नाहीत, त्यांचे मेयर वेगळे, त्यांचे टॅक्स वेगळे.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात एक वाक्य आहे, '१९९६ ते २००१ या पाच वर्षांत शहर झपाट्याने वाढलं', ते तेवढं काढाच. १९९६ चा सव्वातीन लाख आणि २००१ चा ४ लाख ९० हजार शेजारी शेजारी ठेवले की तसं दिसतं खरं, पण तीच सहा गावं १९९६ सालीही एकत्र मोजली तर साधारण ४ लाख ६८ हजार भरतात, म्हणजे वाढ झाली ती जेमतेम २२ हजारांची. बाकी माणसं होती तिथेच होती, हद्द त्यांच्यापर्यंत आली. असला घोळ मी छापील पुस्तकांतही बघितलाय आणि मला तो मनापासून खटकतो, कारण दोन्ही आकडे खरे असतात म्हणून वाचणाऱ्याला संशयच येत नाही.

दर चौरस किलोमीटरला किती माणसं हाही आकडा तुम्ही घेतलाय, तोही जपून वापरा. हॅमिल्टन महापालिकेचं क्षेत्रफळ १,११८ चौरस किलोमीटर आहे, बृहन्मुंबईहून कितीतरी जास्त, आणि त्यातला बराच भाग चक्क शेती आहे, ओढे आहेत, रान आहे. सगळ्याची सरासरी काढली की मध्यवस्तीतल्या दाटीवाटीने उभ्या जुन्या घरांचंही वर्णन होत नाही आणि फ्लॅम्बरोच्या शेतांचंही होत नाही.

शहर म्हणायचं का, तर हो, अर्थातच. कॅनडा हा देशच २०२१ ला ३ कोटी ७० लाखांचा, आपली एकटी मुंबई २०११ ला १ कोटी २४ लाख. २०२१ च्या जनगणनेत तिथल्या महापालिकांत लोकसंख्येने हॅमिल्टन दहावं आलं, अकराव्या सरे या शहरापेक्षा फक्त हजारभर माणसांनी पुढे. महानगर क्षेत्रं धरली तर नववं. 'मध्यम आकाराचं शहर' लिहा, पण त्याच वाक्यात 'कॅनडाच्या मानाने' हेही लिहा, नाहीतर दादरचा वाचक त्याचं एक तालुक्याचं गाव करून टाकेल. आणि प्रत्येक आकड्याशेजारी साल आणि हद्द, एवढं मात्र कराच.

प्रश्न (एक आई, मुलुंड): मुलाला मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत मास्टर्सला ॲडमिशन मिळालीये. तो म्हणतो हॅमिल्टन म्हणजे धबधब्यांचं शहर, मला फोटो दाखवत असतो. माझा भाचा आठ वर्षं ब्रॅम्प्टनला आहे, तो म्हणतो मामी कसलं काय, धुराडी आहेत नुसती, जाता येता बघतो मी, गरिबी पण खूप आहे, मुलाला तिथे ठेवू नकोस. मला रात्र रात्र झोप नाही. दोघांतलं खरं कोण बोलतंय?

उत्तर: दोघंही डोळ्यांनी बघितलेलंच बोलतायत, फक्त भाच्याने ते पुलावरून बघितलंय आणि मुलाने फोटोत.

भाचा 'जाता येता' म्हणतो ना, तिथेच सगळं आहे. टोरंटोकडून नायगाराला जाणारा हायवे हॅमिल्टनच्या मध्यवस्तीत शिरतच नाही, तो बंदराच्या तोंडावर जो उंच स्कायवे पूल आहे त्याच्यावरून पलीकडे जातो. पुलाच्या माथ्यावर गाडी आली की उजव्या हाताला बंदर, आणि पाण्याच्या पलीकडे कारखाने, चिमण्या, कोळशाचे आणि लोहखनिजाचे ढीग, कधी एखाद्या चिमणीच्या टोकाला ज्वाळा, धक्क्याला लागलेलं लांबडं मालवाहू जहाज, आणि दोन-तीन मिनिटांत पूल संपतो, गाडी नायगाराकडे. असे लाखो लोक वर्षानुवर्षं जातायत आणि त्यांच्या मनातलं हॅमिल्टन म्हणजे तेवढी दोन-तीन मिनिटं. मला याचा खरंच राग येतो, कारण एखाद्या गावाबद्दल कायमचं मत करायला तेवढं बघणं पुरेसं नसतं, त्यातून ज्या गावात माणूस गाडीतून उतरलेलाच नाही.

पण कारखाने खोटे नाहीत. स्टेल्को १९१० ची आणि डोफॅस्को १९१२ ची, या दोन पोलाद कंपन्यांनी हे गाव उभं केलं, एकेकाळी घराघरातला एक माणूस तिथे कामाला असायचा. स्टेल्को २००७ ला यूएस स्टीलने घेतली, २०१० ला हॅमिल्टनमधली तिची भट्टी थंड झाली, आणि तिथे लोखंड-पोलाद तयार करणं कायमचं बंद असं २०१३ ला जाहीर झालं. डोफॅस्को मात्र चालू आहे, तिच्यावर आज नाव आहे आर्सेलरमित्तल, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या लक्ष्मी मित्तल यांचीच कंपनी. म्हणजे 'पोलादाचं शहर' हे पूर्ण जुनं झालेलं वर्णन नाही, पूर्ण आजचंही नाही. आज तिथे सगळ्यात जास्त माणसं कामाला आहेत ती हॅमिल्टन हेल्थ सायन्सेस या हॉस्पिटलांच्या संस्थेत, आणि ही गोष्ट पुलावरून दिसत नाही.

बंदराच्या पाण्याचंही सांगते, कारण भाचा त्यावरही बोलणार. रँडल रीफ नावाची जागा आहे तिथे, शंभर-दीडशे वर्षांच्या उद्योगांनी तळाशी डांबरासारखा विषारी गाळ साठवून ठेवलाय, ग्रेट लेक्सच्या कॅनडाकडच्या बाजूला इतका वाईट साठा दुसरीकडे नाही असं म्हणतात, आणि २०१६ पासून तो बंदिस्त करून झाकायचं काम चाललं. घाण होती हे खरं, ती साफ करायला लोकांनी अनेक वर्षं सरकारच्या मागे लागून काम करून घेतलं हेही तितकंच खरं. कारखान्यांजवळच्या वस्त्यांमधली माणसं खिडक्यांवर, गाड्यांवर काळी धूळ बसते म्हणून आजही तक्रार करतात, आणि ती तक्रार कोणी 'आमचं शहर सुंदर आहे हो' म्हणून दाबू नये.

आता धबधबे. शंभराहून जास्त आहेत, ही थाप नाही. ज्या कड्यावरून नायगारा कोसळतो तोच कडा, नायगारा एस्कार्पमेंट, या शहराच्या मधून जातो, साधारण शंभर मीटर उंच, आणि त्याच्यावरून जेवढे ओढे खाली येतात तेवढे धबधबे. पण मुलाला सांग, फोटोतला ट्यूज फॉल्स ४१ मीटर उंच आहे खरा, ऑगस्टमध्ये गेलास तर कड्यावरून एक बारीक धार दिसेल, बघायचा तर बर्फ वितळतो तेव्हा, एप्रिलच्या सुमाराला, किंवा मोठ्या पावसानंतर. तिथे आणि जवळच्या वेबस्टर्स फॉल्सला जायला आधी ऑनलाइन बुकिंगही करावं लागतं, गर्दी आवरेना म्हणून. आणि गंमत बघा, हे दोन्ही धबधबे आहेत जुन्या फ्लॅम्बरोच्या बाजूला, म्हणजे दादरच्या भावांना सांगितलेली २००१ ची हद्द बदलली नसती तर धबधब्यांच्या शहराला आपले हे दोन सगळ्यात प्रसिद्ध धबधबे शेजाऱ्यांचे म्हणूनच दाखवावे लागले असते. आल्बियन आणि चेडोक मात्र जुन्या गावातलेच.

गरिबीचं भाचा बोलला ते सगळ्यात नाजूक आहे. हॅमिल्टन स्पेक्टेटर या तिथल्या वर्तमानपत्राने मॅकमास्टरच्या संशोधकाला घेऊन २०१० साली वस्तीवार आरोग्याची पाहणी छापली, त्यात सगळ्यात सुखवस्तू आणि सगळ्यात गरीब वस्तीतल्या माणसांच्या मृत्यूच्या सरासरी वयात २१ वर्षांचा फरक निघाला. एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात, २१ वर्षं! हे वाचल्यावर 'हॅमिल्टन छान आहे' किंवा 'हॅमिल्टन वाईट आहे' अशी वाक्यं मला बोलवतच नाहीत. कुठलं हॅमिल्टन, ते सांगा. खालच्या गावातला बार्टन स्ट्रीटचा पूर्वेकडचा भाग, तिथे कारखाने गेल्यावर दुकानंही गेली, आणि तिथली माणसं आधी नोकऱ्या गेल्याचं भोगतात आणि मग वर लोकांकडून 'तिकडे जाऊ नका' हेही ऐकतात. त्यांनी काय केलंय म्हणून?

तुझ्या मुलाची युनिव्हर्सिटी पश्चिम टोकाला आहे, वेस्टडेलच्या बाजूला, कारखान्यांच्या बरोबर दुसऱ्या टोकाला, मागे कूट्स पॅराडाइज नावाची पाणथळ जागा आणि झाडी. १८८७ साली टोरंटोत निघालेली ही युनिव्हर्सिटी १९३० ला हॅमिल्टनला आली, कॅम्पसवर १९५९ पासून चालणारी स्वतःची अणुभट्टी आहे, मेडिकलला तर जगभरात नाव आहे. खोली शोधताना एक लक्षात ठेवायला सांग. शहराचे वरचा आणि खालचा असे दोन भाग आहेत, कड्याच्या वरच्या भागाला सगळे 'माउंटन' म्हणतात, पत्त्यात रस्त्याच्या नावाआधी 'अपर' असेल, अपर जेम्स, अपर वेंटवर्थ, तर ते घर कड्यावर. मॅकमास्टर खाली आहे. नकाशावर अंतर थोडं दिसलं तरी वरून खाली यायला ठरलेले चढ-उताराचेच रस्ते आहेत किंवा पायऱ्या, आणि जानेवारीत बर्फात त्या पायऱ्या म्हणजे मजा नाही. घरमालक जाहिरातीत 'कॅम्पसपासून जवळ' लिहितो तेव्हा बसने किती मिनिटं, कितीदा बस बदलून, हे विचार. बसचा पास बहुतेक वेळा फीमध्येच धरलेला असतो, तेही कॉलेजकडून पक्कं करून घे.

लाइट रेलच्या भरवशावर घर घ्यायला मात्र सांगू नकोस. मॅकमास्टरपासून पूर्वेच्या ईस्टगेटपर्यंत १४ किलोमीटरची लाइन ठरलीये, २०१९ च्या डिसेंबरमध्ये ती रद्द झाली होती, २०२१ ला पुन्हा पैसे मंजूर झाले, पण ती सुरू व्हायच्या आधी त्याची डिग्री होईल.

आणि भाच्याला म्हणावं, एका रविवारी पूल सोड, खाली गावात उतर, मुलाला सामान लावायला मदत कर. तुझी झोप त्याने जास्त लवकर येईल.

प्रश्न (एक आजोबा, सध्या मुक्काम बर्लिंग्टन, मूळ गिरगाव): मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलोय. मुंबईला फोनवर मी सगळ्यांना हॅमिल्टनला आहे असं सांगतो, कारण ते मोठं. मुलगी म्हणते बाबा, आपण बर्लिंग्टनचे, हॅमिल्टन म्हणू नका. इतकं काय बिघडतं?

उत्तर: आजोबा, जनगणनेच्या महानगर क्षेत्राने तुम्ही बरोबर, महापालिकेने मुलगी बरोबर. पण तिथे राहणारी ती आहे, टॅक्स ती भरते, मतदान ती बर्लिंग्टनच्या मेयरसाठी करते, तेव्हा तिचं ऐका. बर्लिंग्टन हॉल्टन नावाच्या वेगळ्या विभागात येतं आणि तिथल्या माणसांना हॅमिल्टनमध्ये धरलेलं फारसं रुचत नाही, जसं हॅमिल्टनवाल्यांना टोरंटोत धरलेलं रुचत नाही. तुमच्या जवळच रॉयल बोटॅनिकल गार्डन्स आहेत, नसाल गेलात तर लायलॅक फुलतात तेव्हा मे महिन्याच्या शेवटी जरूर जा. त्यांचं मुख्य केंद्र बर्लिंग्टनच्या हद्दीत आणि जमिनीचा मोठा भाग हॅमिल्टनच्या हद्दीत, त्यामुळे दोन्ही गावं ती बाग आपलीच म्हणतात, आणि दोघांचंही खरं आहे.

फोनवर गिरगावात 'हॅमिल्टनच्या शेजारी, बर्लिंग्टनला' म्हणा, कोणाचीच हरकत नसेल. फराळाचं पार्सल मागवाल तेव्हा मात्र पत्त्यात बर्लिंग्टनच हवं, तिथले पोस्टल कोड एल ७ ने सुरू होतात आणि हॅमिल्टनचे बहुतेक एल ८, एल ९ ने, घरच्यांना तेवढं लिहून पाठवा म्हणजे चकल्या वेळेत पोचतील.